वाघाचं तोंड कुणीकडे

शिकार हा राजाचा धर्म आहे, आणि राजाच्या हातून वाघ पडला नाही तर राज्याची घडी विस्कटते, असे आपल्याकडच्या दरबारी चित्रकारांनी शेकडो वर्षे एकमुखाने सांगितले आहे. चित्रकारांचे जेवण राजाच्या मुदपाकखान्यातून येत असे.

यातले पहिले वाक्य मी एका दिवाळी अंकात लिहिले होते. दुसरे मला तेव्हा सुचले नव्हते. 'दरबारी चित्रकलेतील मृगया' असे लेखाचे नाव होते, आणि तो कुणीही वाचलेला नाही या समजुतीवर मी बराच काळ सुखात होतो. मग १९८२ च्या डिसेंबरात मधुकर पेंटर वाशीला आमच्या कॉलेजात आला आणि इतिहास विभागाच्या दारात उभा राहून म्हणाला, "सर, तुमचा लेख पाहिला."

"वाचलात?"

"पाहिला. कोपरखैरण्याच्या सलूनमध्ये अंक होता. अर्धाच होता. पण तुमच्या लेखातला फोटो शाबूत होता. राजा, हत्ती, वाघ. तो रंगीत कुठं मिळंल?"

मधुकर मूळचा जालन्याकडचा. औरंगाबादेत दोन वर्षे चित्रकला शिकला होता आणि आता पावणे गावच्या कारखान्यांतून पाट्या रंगवत असे. विजेच्या खांबावरची कवटी आणि खालची दोन हाडे यात त्याचा हात धरणारा त्या पट्ट्यात कुणी नव्हता. त्याची कवटी पाहून माणूस खरोखर दोन पावले मागे सरे.

"बोनकोड्यात गोटीरामशेठची भिंत घेतलीये," तो म्हणाला. "राजा शिकार करतोय असं पाहिजे त्यांना. वाघ मला येतो. राजा येत नाही."

"वाघ कसा येतो?"

"एका कंपनीत वॉचमनच्या केबिनवर काढलाय. राजा कुणी काढायला सांगितलाच नाही आजवर."

रंगीत चित्र ज्या पुस्तकात होते ते ग्रंथालयाचे होते, जाडजूड होते, आणि बाहेर न्यायचे तर प्राध्यापकाच्या सोबतीनेच न्यायचे असा नियम होता. त्यामुळे पुस्तक बोनकोड्याला गेले आणि त्याच्या मागे मी गेलो.

गोटीरामशेठचे घर तीन मजली होते आणि प्रत्येक मजला वेगळ्या रंगाचा होता, म्हणजे कितवा मजला ते लांबूनही कळावे. खाडीकडची भातशेती नव्या शहरासाठी गेल्यावर गोटीरामशेठनी आधी रेती, मग विटा आणि मग त्या विटांची घरे, असा चढता अभ्यासक्रम पुरा केला होता. अंगात पांढरी सफारी, डोळ्यांवर सोनेरी काड्यांचा चष्मा, पायांत काही नाही. नव्या लाद्यांवर चप्पल घालायची नाही असा त्यांच्या पत्नीचा, सरस्वतीबाईंचा, दंडक होता.

"सर, त्या बाजीरावानी टाकीवर सिमेंटचा गरुड बसवलाय," त्यांनी मला खुर्ची देत सांगितले. "गरुड म्हंजे पक्षीच ना शेवटी? मी राजस्थानला यात्रेला गेलेलू, तवा राजवाड्यात बघितला. भिंतीवर राजा, एका गोलीत वाघ खलास. दुसऱ्या भिंतीवर दुसरा राजा, त्याचाबी एका गोलीत. मी गाईडला इचारला, कवा नेम चुकलाच नाय काय कुनाचा? तो बोलला, चुकलेला चित्र कोन काढील?"

मला माझ्या लेखाची आठवण झाली. जे मला चौदा पानांत म्हणता आले नव्हते ते गाईडने चार शब्दांत म्हटले होते, आणि त्याला वर बक्षिशीही मिळाली असणार.

मी पुस्तक उघडले. चित्रात हिरवीगार टेकडी होती, मधोमध वाघ झेप घेत होता, आणि राजा तीन ठिकाणी होता. डावीकडे घोड्यावरून निघालेला, उजवीकडे हत्तीवरून बंदूक रोखलेला आणि वर झाडाखाली गादीवर बसून पाणी पीत असलेला.

"हे तिगं भाऊ काय?" गोटीरामशेठनी विचारले.

"एकच राजा आहे. तीनदा काढलाय. निघाला, मारला, दमला. तेव्हा अशी पद्धत होती."

"राजा तीनदा आन् वाघ एकदाच?"

"वाघाला एकच काम होतं."

ते बराच वेळ चित्राकडे पाहत राहिले. एका माणसाला एकाच भिंतीवर तीन वेळा असता येते ही कल्पना त्यांच्यात हळूहळू मुरत होती. मग त्यांनी चित्राच्या तळाशी बोट ठेवले. तिथे गवतात मुंग्यांएवढी माणसे ढोल बडवत होती. "ही बारकी मानसं कोन?"

"हाकारे," मधुकर म्हणाला. "रान उठवणारे. ढोल वाजवून वाघ राजाकडं हाकलायचा. आमच्या आज्याला न्यायचे जहागीरदाराच्या शिकारीला, फुकट. पाटलानं सांगितलं की जायचं."

"मंग आज्यानी राजाला बघितला आसंल!"

"नाही. वाघाला बघितला. राजा लांब असायचा."

गोटीरामशेठनी मान डोलावली. "यांची तोंडं काढू नकोस. कामाला येल लागंल."

"पुस्तकातही त्यांना तोंडं नाहीत," मधुकर म्हणाला आणि भिंत मोजायला उठला.

चहा घेऊन सरस्वतीबाई आल्या. शेठ बाहेर गेलेले पाहून त्यांनी खिडकीतून समोर बोट दाखवले. गल्लीच्या पलीकडे कौलारू बैठे घर होते, ओट्यावर सुकट वाळत घातली होती, आणि एक म्हातारी हातात काठी घेऊन कावळ्यांवर नजर ठेवून बसली होती.

"सासू," सरस्वतीबाई म्हणाल्या. "शेवंताबाई. वरीस झाला घर बांधून. अजून उंबरा ओलांडला नाय तिनी. वास्तुशांत नाय का दूध उतू घातला नाय. दूध आयनीच ठेवायला पायजेल ना चुलीवर? ती येत नाय. बोलते, दोगं भाऊ संगती आत जाल तवा मी येन."

"आणि दुसरे भाऊ?"

"ते काय, तिच्या मागच्या खोलीत. पंढरी. बारा मयने समोरासमोर, पन बोलत नायत."

भांडणाचे कारण मला वाटले होते त्यापेक्षा खूप मोठे निघाले. जमिनीचे नव्हते, पैशाचे नव्हते. काही वर्षांपूर्वी गावात एक मंत्री आले होते. दोघा भावांनी मिळून एकच मोठा हार धरला होता. एक टोक गोटीरामकडे, दुसरे पंढरीकडे. साप्ताहिकात फोटो छापून आला तेव्हा जागेअभावी उजवी बाजू कापली गेली होती. खाली ओळ होती : 'बोनकोडे येथील प्रगतिशील शेतकरी श्री. गोटीराम मंत्रिमहोदयांचे स्वागत करताना.' पुढच्याच वर्षी शेत गेले आणि प्रगती तेवढी राहिली, ते वेगळे. पंढरीचा मात्र त्या फोटोत कोपरापासून पुढचा हात आला होता. गोटीरामने तो फोटो चौकटीत बसवून जुन्या घरात लावला, आणि पंढरीने तो खाली उतरवला. त्या दिवसापासून बोलणे बंद.

"तो हात पंढरीभाऊजींचाच हाय, मी वळखते," सरस्वतीबाई म्हणाल्या. "पन हाताला कोन नमस्कार करील?"

यावर मी चहा प्यालो.

मधुकर रोज संध्याकाळी पावण्याहून सायकलने येई आणि रविवारी सकाळपासून बसे. राजा पुस्तकातला असला तरी चेहरा शेठचा हवा होता. दरबारी चित्रात सगळी माणसे एका डोळ्याची असतात, म्हणजे चेहरा नेहमी बाजूने दाखवतात. त्यामुळे गोटीरामशेठ स्टुलावर आडवे तोंड करून बसत आणि कुणी हाक मारली तरी वळून पाहत नसत.

"मुकुट नको, फेटा दे," ते भिंतीकडे बघत सांगत. "आन् चष्मा ऱ्हाऊ दे."

"राजाला चष्मा, शेठ?"

"चष्म्याशिवाय गावात वळखनार कोन?"

त्यामुळे तिन्ही राजांना सोनेरी काड्यांचा चष्मा आला. पाणी पिणाऱ्यालाही. मधुकरने हत्तीसाठी पाट्यांचा करडा रंग वापरला. वाघ उत्तम उतरला होता. त्याच्या चेहऱ्यावर वॉचमनच्या केबिनची थोडी शिस्त होती, पण झेप खरी होती. तो उजवीकडे, हत्तीवरच्या गोटीरामशेठकडे झेपावत होता आणि शेठ एकाच डोळ्याने त्याच्याकडे शांतपणे पाहत होते.

भिंत पुरी झाली त्या रविवारी मी, नियम मोडून मधुकरकडे ठेवलेले पुस्तक परत न्यायला गेलो. गल्लीत माणसे जमली होती. इतक्यात समोरच्या घरातून पंढरी बाहेर आला. गोटीरामपेक्षा लहान, अंगाने भक्कम. उरणला एका गोदामावर मुकादम होता, त्यामुळे त्याचा आवाज नेहमी पंधरा हमालांना पुरेल एवढा असे. तो भिंतीसमोर उभा राहिला आणि मालाची पोती मोजावी तसे त्याने थोरल्या भावाच्या चेहऱ्यांवर बोट नाचवले.

"हा एक दादूस. हा दुसरा दादूस. आन् वर झाडाखाली पानी पितो तो कोन? तोबी दादूसच!" मग आईकडे वळून, "आये, बघ. फोटोत मी हातभर तरी व्हतो. हतं तो तीनदा हाय आन् मी एकदाबी नाय!"

"मना दिसत नाय हतनं," शेवंताबाई ओट्यावरूनच म्हणाल्या आणि कावळा हाकलला.

गर्दी हसली. गोटीरामशेठ हसले नाहीत. ते आत आले, सोफ्यावर बसले, आणि इतका वेळ मी त्यांना फक्त एका बाजूने पाहिले होते हे माझ्या तेव्हा लक्षात आले. समोरून तो चेहरा अगदी थकलेला होता.

"सर, मना वाटलेला, चित्र बघायला तरी आयस येईल," ते म्हणाले. "घर तिच्यासाठी बांधलाय. माझ्या वयाला तीन मजले काय करायचे?" मग ते म्हणाले, "पंढरीला एक राजा देऊन टाका."

"कुठला?"

"झाडाखालचा."

आता इथून जे झाले ते दरबाराला शोभण्यासारखे होते. भाऊ बोलत नव्हते, त्यामुळे निरोप न्यायला कुणीतरी हवे होते. आणि गावाबाहेरचा, सुशिक्षित, हातात पुस्तक असलेला माणूस मीच होतो. गल्ली इतकी अरुंद होती की एका ओट्यावर शिंकले तर दुसऱ्या ओट्यावरून आशीर्वाद यावा. दोघांनाही एकमेकांचे सगळे ऐकू येई. पण मी जाऊन तेच पुन्हा सांगेपर्यंत दोघेही ऐकले नसल्यासारखे आभाळाकडे बघत बसत.

"झाडाखालचा राजा तुमचा," मी पंढरीला सांगितले.

"त्यांना सांगा, तो वाघ मारतो आन् मी पानी पितो काय?"

मी गल्ली ओलांडली. "ते म्हणतात—"

"ऐकला मी. घोडा घे बोल."

"ते म्हणतात, घोडा घ्या."

"घोड्याचा डोका हत्तीच्या गुडघ्याला लागतो. मोजून बघा. आन् त्यांना सांगा, मी दादूसच्या पायाशी नाय चालनार."

मधुकरने सुचवले की दोघांना एकाच हत्तीवर शेजारी बसवू. गोटीरामशेठना ते पसंत पडले. पण मला सांगावे लागले की सगळे चेहरे बाजूने असल्यामुळे शेजारी बसलेल्या दोघांत अलीकडचा दिसेल आणि पलीकडचा त्याच्या आड जाईल; त्याचा फार तर हात दिसेल.

हात म्हटल्यावर ती सूचना तिथेच संपली.

"मागे बसवू," मधुकर म्हणाला. "राजा पुढं, भाऊ मागं."

पुस्तकातल्या बहुतेक चित्रांत राजाच्या मागे हत्तीवर जो बसलेला असतो तो माश्या वारणारा चवरीवाला असतो. हे मी सांगितले नाही. पण पंढरीने पुस्तक मागवून घेतले, ओट्यावर आईच्या शेजारी बसून त्यातले प्रत्येक पान उलटले, आणि स्वतःच शोधून काढले. अभ्यासाची अशी तळमळ मला वर्गात आढळलेली नाही.

"दोन हत्ती काढा," त्याने शेवटी पुस्तकावरून मान वर न करता सांगितले. "सारखे. एक हतं, एक ततं. तो तिकडून मारील, मी हिकडून."

गोटीरामशेठनी भिंतीवरचे तिन्ही चष्मे एकदा पाहून घेतले. मग म्हणाले, "काढ." ज्या माणसाने तीन गोटीराम मिळवले होते त्याने त्यातले दोन सोडून दिले. इतिहासात यापेक्षा कमी त्यागावर माणसांना पदव्या मिळालेल्या आहेत.

पुढचा आठवडा मधुकरने घोडा आणि झाडाखालचा राजा पुसण्यात आणि डावीकडे दुसरा हत्ती चढवण्यात घालवला. पंढरी समोरच्या ओट्यावर तोंड आडवे करून बसला. फेटा हवा म्हणाला, चष्मा नको म्हणाला, पण मिशी मोठी कर म्हणाला. दोन्ही हत्ती मधुकरने दोरी लावून मोजले. सोंडा सारख्या, दात सारखे. मधे वाघ.

आणि मग वाघाचा प्रश्न निघाला.

वाघ अजूनही उजवीकडेच झेपावत होता, म्हणजे गोटीरामकडे. पंढरीकडे त्याची शेपटी होती.

"वाघ ज्याच्यावर उडी मारतो तो शिकारी," पंढरी म्हणाला. "मी काय त्याला मागनं मारतोय? लोक बोलतील, पंढरीनी पाटीत गोली घातली."

"तोंड फिरवला तर शेपटी माझ्याकडं," गोटीराम म्हणाले. ते मला उद्देशून म्हणाले होते, पण मी गल्ली ओलांडण्याआधी पंढरीने मान हलवली. इतक्या दिवसांत त्याने निरोपाची वाट न पाहता दिलेले ते पहिले उत्तर होते. सरस्वतीबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिले. म्हणजे माझ्याच नव्हे, त्यांच्याही ते लक्षात आले होते.

मधुकरने वाघाचे तोंड समोर, रस्त्याकडे केले. आता तो दोघांपैकी कुणाकडेच न पाहता बोअरिंगवर पाणी भरायला जाणाऱ्या बायकांकडे पाहू लागला. दुसऱ्या दिवशी जाईबाई आणि चांगुणाबाई हंडे घेऊन गोटीरामशेठच्या दारात उभ्या राहिल्या. जाईबाई म्हणाली, "तुमचा मेला मागनंबी बघतो आन् पुढनंबी बघतो. आमी जायाचा कुटनं?" चित्र चांगले असल्याची तेवढी एकच निखळ पावती मिळाली.

"दोन वाघ काढू," मधुकर म्हणाला.

"मोठा कुनाकडं?" दोन्ही ओट्यांवरून एकदम आले.

मधुकर शिडीच्या पायरीवर बसला. त्याने सांगितले की सोमवारपासून पावण्याला एका कारखान्याची सगळी नवी इमारत रंगवायची आहे, आग विझवण्याच्या बादल्यांसकट. वाघाचे तोंड एकदा ठरवा. नाहीतर तो तसाच सोडून जाईल.

अखेर तोडगा निघाला. कोणाच्या डोक्यातून निघाला हे पुढे कुणीच कबूल केले नाही, पण मला आठवते त्याप्रमाणे पंढरी म्हणाला, "वाघामुलं हाय सगला." आणि गोटीराम म्हणाले, "मंग वाघच नको." आणि दोघांनीही, मी मधे नसताना, एकमेकांकडे पाहून मान हलवली.

मला हा विजय वाटला. माणसे शहाणी झाली की भांडणाचे मूळच काढून टाकतात, असे काहीसे मी मधुकरला ऐकवलेही. त्याने हिरवा रंग कालवला आणि वाघावर गवत मारायला सुरुवात केली. आधी शेपूट गेली, मग पाय, शेवटी डोळे. दोघे भाऊ आपापल्या ओट्यावरून आपापला चेहरा तपासत होते. माझा फेटा नीट आलाय ना, माझी मिशी, माझी काडी. दोघेही खूश होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुस्तक न्यायला शेवटचा म्हणून गेलो. गल्लीच्या वळणावरून भिंत पहिल्यांदाच सबंध दिसते. मी तिथे थांबलो.

हिरवेगार गवत होते. डावीकडे हत्तीवर पंढरी होता, उजवीकडे हत्तीवर गोटीराम. दोघांच्या हातांत लांब नळीच्या बंदुका. मधे काही नव्हते. दोन सख्खे भाऊ, नेम धरून, अगदी शांतपणे, एकमेकांना गोळी घालत होते. खाली तोंडे नसलेली माणसे ढोल वाजवून त्यांना एकमेकांकडे हाकत होती.

मधुकर शिडी बांधत होता. मी त्याच्याकडे पाहिले.

"मला शेवटचं गवत मारताना कळलं," तो म्हणाला. "पण दोघंही खूश होते, सर. एका कामात दोन गिऱ्हाइकं खूश झालेली मी आजवर पाहिली नव्हती."

चौदा पानांच्या लेखात मी वाघाबद्दल पुष्कळ लिहिले होते : तो शत्रूचे प्रतीक, तो रानटीपणाचे प्रतीक, तो पराक्रमाचे माप. दरबारात एवढ्या बंदुका असताना त्या सगळ्यांचे तोंड एका दिशेला राहावे म्हणूनही कुणीतरी मधे लागतो, हे लिहायचे राहून गेले होते.

तेवढ्यात समोरच्या ओट्यावर शेवंताबाई सुकटीची टोपली घेऊन आल्या. टोपली खाली ठेवताना त्यांनी भिंतीकडे पाहिले. पुन्हा पाहिले. मग काठी उचलली आणि ओट्यावरून उतरल्या.

"गोट्या! पंड्या! मी जिती हाय रं अजून! जिती हाय!"

त्या वयाची बाई गल्ली इतक्या वेगाने ओलांडेल असे मला वाटले नव्हते. त्या सरळ नव्या घरात शिरल्या. उंबरा, नव्या लाद्या, काही पाहिले नाही. पंढरी लुंगी सावरत मागून धावला, "आये, आगो, चित्र हाय ते!" आणि तोही शिरला. गोटीराम न्हाणीतून तोंडाला फेस लावलेलेच बाहेर आले. मी आणि मधुकर दारात थांबलो.

पहिली काठी गोटीरामना बसली, दुसरी पंढरीला. काठी कावळ्यांसाठी ठेवलेली असल्यामुळे फार लागत नव्हती, पण आवाज येत होता.

"चित्र हाय! चित्र आपसूक आला काय भिंतीवर? कुनी काढायला सांगितला?"

"आये, आमी वाघ मारीत व्हतो," गोटीराम म्हणाले.

"कुटं हाय वाघ?"

"काढून टाकला."

"का?"

एकाच्या तोंडावर फेस होता आणि दुसऱ्याची लुंगी अर्धी सुटलेली होती, पण त्या क्षणी ते अगदी एका आईचे दिसत होते.

"कुनाकडं बघायचा ते ठरंना," पंढरी खाली बघत म्हणाला.

शेवंताबाईंनी काठी खाली केली. "वाघ नाय," त्या सावकाश म्हणाल्या, "तर मंग बंदुका कशाला धरल्यात, मेल्यांनो?"

याचे उत्तर मी न्यायला आलो होतो त्या पुस्तकात नव्हते, आणि ते सहाशे पानांचे होते.

मी वळून पाहिले तर सरस्वतीबाई स्वयंपाकघरात गेल्या होत्या. नवे पातेले गॅसवर ठेवले, पिशवीतले दूध त्यात ओतले, आणि बाहेर येऊन सासूचा हात धरला. "आत्याबाई, जरा हतं या. गॅस पेटवून द्या. मना जमत नाय." बारा महिने ज्या बाईने रोज तिन्ही वेळा गॅस पेटवला होता तिला आज तो पेटवता येत नव्हता. शेवंताबाई कुरकुरत आत गेल्या, काडी ओढली, शेगडी पेटवली. दूध तापले, वर आले, उतू गेले आणि स्वयंपाकाच्या नव्या ओट्यावरून खाली ओघळले. कुणी पुसले नाही. गोटीरामनी तोंडावरचा फेस हाताने निपटला आणि हात जोडले. पंढरीने एक हात जोडायला उचलला, मग दुसराही उचलला.

"लाद्या चांगल्या घेतल्यास," तो भावाला म्हणाला. थेट भावाशी बोललेले वर्षानुवर्षांतले ते पहिले वाक्य.

"घसरतात रं. पान्यानी घसरतात."

मग चहा झाला. त्याच दुधाचा, जेवढे राहिले होते त्याचा. शेवंताबाईंनी मधुकरला बोलावून बंदुका पुसायला सांगितल्या. त्याने पुसल्या. बंदुका गेल्या तरी हात तसेच लांब राहिले, त्यामुळे आता दोन हत्तींवरचे दोन भाऊ एकमेकांना वाट दाखवत असल्यासारखे दिसतात. शेवंताबाईंचा हात धरून सरस्वतीबाईंनी त्यांना सगळे घर दाखवले : बैठक, देवघर, मागची खोली खास त्यांच्यासाठी, तिच्यात पंखा, खिडकीतून जुने घर दिसेल अशी खाट. दोन्ही मुलगे मागून चालत होते, आणि कुठला स्विच कशाचा हे एकमेकांच्या तोंडचे वाक्य काढून घेत सांगत होते.

शेवंताबाईंनी सगळे पाहिले. चांगला बांधलाय, म्हणाल्या. मग सुकट आत घेण्याची वेळ झाली म्हणून उठल्या, जुन्या घरी गेल्या आणि शेवटपर्यंत तिथेच राहिल्या. नव्या घरात संडास स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून होता.